न पाहिलेल्या मालिकांची पुस्तके

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमध्ये वसलेले भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखले जाते. राज्य शासनाच्या या उपक्रमात गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या व पडव्या पुस्तकांसाठी मोकळ्या करून दिल्या. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी कविता, तिसऱ्या घरी बालसाहित्य अशी वाटणी झाली. उपक्रम स्तुत्य आहे आणि तेथे अर्धा दिवस घालवणारा मनुष्य तृप्त होऊनच परततो. तथापि त्या कपाटांवरून नजर फिरवीत असता एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. साहित्याच्या बहुतेक जातींना आज कोठे ना कोठे घर मिळते. परंतु एक जात अशी आहे की, तिला आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांत सहसा उंबरठाही ओलांडू दिला जात नाही. ती जात म्हणजे दूरचित्रवाणीवरील मालिकांवरून निघालेली पुस्तके, चित्रकथा आणि वार्षिके.

या पुस्तकांची कुळकथा फारशी प्रतिष्ठित नाही. एखादी मालिका लोकप्रिय झाली की, प्रकाशक तिचे हक्क विकत घेतो, हाताशी असलेल्या लेखकाकडून तिच्या संहितेची घाईघाईने गोष्ट करवून घेतो, मुखपृष्ठावर नटाचे छायाचित्र छापतो आणि मालिकेचा बहर ओसरण्यापूर्वी माल खपवून मोकळा होतो. आत चित्रे असलीच, तर त्यांतील नायकाचा चेहरा मुखपृष्ठावरील नायकाशी क्वचितच जुळतो. समीक्षक अशा पुस्तकांची दखल घेत नाहीत, ग्रंथपाल त्यांची नोंद करीत नाहीत आणि मालिका संपताच ती रद्दीच्या तागडीत जातात. असे असूनही ज्यांनी ती लहानपणी वाचली, ते त्यांना विसरत नाहीत; पन्नाशी-साठी उलटल्यावरही एखादी फाटकी प्रत मिळावी म्हणून जुन्या बाजारात धूळ खात हिंडतात. चांगल्या वाङ्मयाविषयी अशी ओढ वाटावी, हे समजू शकते. या उष्ट्या मालाविषयी ती का वाटावी?

प्रस्तुत लेखकाने पाचगणीत काही वर्षे शिक्षक म्हणून काढली. हे सांगण्याचे कारण एवढेच की, या प्रश्नाचे उत्तर मला येथेच, एका वसतिगृहात मिळाले; आणि ते मिळाले तेव्हा मी त्याच्या विरुद्ध पक्षात होतो.

पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. ब्रिटिश अमदानीत आजारातून उठलेल्यांसाठी वसवलेल्या या ठिकाणी पुढे शाळांमागून शाळा निघाल्या आणि मुंबई, गुजरात येथूनच नव्हे, तर आफ्रिकेतून व आखाती देशांतूनही मुले येऊ लागली. झांझिबारहून आलेला फरुख बलसारा नावाचा मुलगा येथील सेंट पीटर्समध्ये शिकला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला, हे आता सर्वश्रुत आहे. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु वसतिगृहातील मुलाला त्याचा काय उपयोग? दूरचित्रवाणी ही सुटीत घरी गेल्यावर पाहावयाची वस्तू होती. डोंगरावर पुढे जी चित्रे दिसू लागली, तीही वारा आणि धुके यांच्या मर्जीने. पावसाळ्यात तर ढग खिडकीतून आत येत आणि ट्रंकांतील कपड्यांबरोबर पुस्तकांनाही बुरशी धरे.

अशा पावसाळ्यात एका रात्री दिवे मालवल्यानंतर फेरी मारताना एका दालनातून मला दबक्या आवाजातील कथन ऐकू आले. आठवी-नववीतील एक मुलगा अंधारात गोष्ट सांगत होता आणि वीस-बावीस मुले श्वास रोखून ऐकत होती. एक वृद्ध गृहस्थ निळ्या रंगाच्या पेटीतून काळाच्या पाठीमागे व पुढे प्रवास करीत होता आणि लोखंडी कवचातील काही प्राणी त्याचा पाठलाग करीत होते. चौकशीअंती समजले की, गोष्ट आठ-दहा रात्री चालू आहे. मुलाच्या उशीखाली ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे एक वार्षिक सापडले. युगांडातून १९७२ साली भारतीयांना हाकलण्यात आले, त्या लोंढ्यात लेस्टरला जाऊन पडलेल्या त्याच्या काकाने ते नाताळची भेट म्हणून पाठविले होते. शिस्तीचा भंग झाला होता. मी ते पुस्तक जप्त केले.

यातली खरी मौज मला फार उशिरा कळली. ती मालिका त्या मुलाने पाहिलेली नव्हती. ऐकणाऱ्या वीस-बावीस मुलांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती. जप्त केलेले वार्षिक मी दुसऱ्या दिवशी चाळले, तेव्हा आढळले की, त्यात लहान लहान पाच-सहाच गोष्टी आहेत. बाकी कोडी, अंतराळयानांविषयी माहिती आणि चित्रे. म्हणजे आठ-दहा रात्री चाललेले ते कथानक बहुतांशी त्या मुलाच्या पदरचे होते. पुस्तक हाती होते ते केवळ अधिकारपत्र म्हणून, कीर्तनकाराच्या हाती चिपळ्या असाव्यात तसे. आणि पुस्तक माझ्या कपाटात गेल्यावरही गोष्ट थांबली नाही. एवढेच झाले की, तिचा आवाज आणखी खाली आला.

मालिका पाहिलेल्या मुलाला असे पुस्तक म्हणजे आठवणीची खूण असते. न पाहिलेल्या मुलाला ते अर्धवट मिळालेल्या पत्रासारखे वाटते. उरलेला मजकूर त्याने स्वतः लिहावा लागतो. या पुस्तकांचे आकर्षण त्यांच्या गुणांत नसून त्यांच्या उणेपणात आहे, असे माझे मत होत गेले ते यामुळे. उत्तम कादंबरी वाचकासाठी फारसे काही शिल्लक ठेवीत नाही. मालिकेवरून बेतलेली पुस्तिका मात्र पावलोपावली म्हणते की, खरी गोष्ट दुसरीकडे घडली आहे, मी तिची सावली आहे. मुलांना सावल्यांशी खेळावयास आवडते.

हे केवळ वाचकाच्या बाजूने खरे आहे असे नव्हे. पुस्तके करणाऱ्यांनीही पुष्कळदा मूळ मालिका पाहिलेली नसे! ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेच्या चित्रकथा गोल्ड की या प्रकाशनसंस्थेने १९६७ ते १९७९ या काळात काढल्या. त्यांचे सुरुवातीचे चित्रकार इटालियन होते आणि त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती. छायाचित्रांवरून त्यांनी चित्रे काढली. परिणामी मालिकेतील जे यान अवकाशात निःशब्द तरंगते, त्याच्या नळकांड्यांतून या चित्रकथांत अग्निबाणासारख्या ज्वाळा निघू लागल्या. त्याच मालिकेच्या भागांवरून जेम्स ब्लिश या लेखकाने १९६७ पासून कथासंग्रहांची माळ लिहिली. त्याच्यापुढे असत त्या चित्रीकरणापूर्वीच्या संहिता. त्यामुळे पडद्यावर जे बदलले, ते पुस्तकात जुन्याच रूपात राहून गेले. ‘टीव्ही सेंच्युरी २१’ हे इंग्लंडमधील चित्रसाप्ताहिक तर १९६५ साली निघाले ते शंभर वर्षे पुढची तारीख अंगावर छापून, जणू भविष्यकाळातील वृत्तपत्र! काटेकोर समीक्षक या साऱ्याला चुका म्हणेल. वाचकाच्या लेखी ती दुसरी, समांतर मालिका असते, आणि ती पाहावयास दूरचित्रवाणी संच लागत नाही.

आपल्याकडे ही रीत नवी मानण्याचे कारण नाही. संगीत नाटकांच्या काळात पदांची पुस्तके नाट्यगृहाच्या दारात विकली जात. बोलपट आल्यावर त्यांची जागा गाण्यांच्या पुस्तिकांनी घेतली. मध्यंतरात आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या त्या चोपड्यांत कथेचा सारांश असे आणि कथा ऐन रंगात आली की, पुढे काय झाले ते पडद्यावरच पाहा, अशा अर्थाचे वाक्य टाकून लेखक पसार होत असे. ज्यांना तिकीट परवडत नसे, अशा कितीतरी मुलांनी पडद्यावरचे ते ‘पुढे’ मनातल्या मनात रचले असेल. आमच्या पिढीतील एक-दोन कथालेखकांचे शिक्षण या चोपड्यांवरच झाले असावे, असा मला दाट संशय आहे. नावे सांगत नाही.

या चोपड्यांचे पुढे काय झाले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उरले आहे ते काही छायाचित्रे आणि छापील कागद. ज्या वस्तूला कोणी वस्तू मानले नाही, तीच साक्षीदार ठरली. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फितींबरोबर या पुस्तिका, भित्तिपत्रके आणि छायाचित्रेही जमविली, हा त्या संस्थेच्या आद्य संग्राहकांचा दूरदर्शीपणा होता. दूरचित्रवाणीच्या वाट्याला असा संग्राहक आला नाही.

आणि दूरचित्रवाणीची गरज तर अधिक होती. त्या काळी ध्वनिचित्रफीत महाग असे. एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा मुद्रित करणे, हा जगभरच्या केंद्रांचा परिपाठ होता. बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही ‘डॉक्टर हू’चे पहिल्या दशकातील कितीतरी भाग असे पुसून टाकले, त्यांपैकी शंभराच्या आसपास भागांचा बराच काळ शोध घेऊनही पत्ता लागला नाही. ते भाग लोकांना ठाऊक राहिले ते मुख्यतः छोट्या पुस्तकांमुळे. १९७३ पासून टार्गेट या नावाने स्वस्त आवृत्त्या निघू लागल्या आणि टेरन्स डिक्स या एकट्या लेखकाने साठाहून अधिक पुस्तके लिहिली. भाषा साधी, प्रकरणे छोटी, वर्णने ठरावीक. पण चित्र पुसले गेले आणि पुस्तक राहिले. मुंबई केंद्रावरील सुरुवातीच्या वर्षांतील कार्यक्रमांचीही बरीचशी गत अशीच झाली. फरक इतकाच की, त्या कार्यक्रमांवरून आपण पुस्तके काढली नव्हती.

का काढली नाहीत? मराठीत वाहतूक उलट दिशेने होती, हे त्याचे एक कारण. आपल्याकडे पुस्तकावरून मालिका होई. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव १९४० साली ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांच्या रूपाने अवतरला होता. सत्तरीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर त्याला दिलीप प्रभावळकर यांचा चेहरा मिळाला आणि गुंड्याभाऊला बाळ कर्वे यांचा. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, रणजित देसाई यांचा ‘स्वामी’, पुढे प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून निघालेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, ही सर्व पुस्तकांची अपत्ये. ‘बोक्या सातबंडे’ याला अपवाद म्हणता येईल. तो आधी आकाशवाणीवरून कानी पडला आणि मग पुस्तकांत गेला. पण एकंदरीत मराठी मनुष्याला पुस्तक हे बीज आणि पडदा हे फळ, असा क्रम योग्य वाटतो. फळातून पुन्हा बी काढून पेरणे त्याला कमीपणाचे वाटते.

हा अहंकार फसवा आहे. कारण मालिका झाली की, मूळ पुस्तकही बदलते. त्याचे एक अक्षरही न बदलता. माझ्या वडिलांच्या मनात चिमणराव दामूअण्णांच्या आवाजात बोलत असे, माझ्या मनात तो प्रभावळकरांच्या आवाजात बोलतो, आणि चिं. विं.च्या मनात तो कोणत्या आवाजात बोलत होता, ते कळण्यास मार्ग नाही. ‘स्वामी’ नव्याने उघडणाऱ्या कितीजणांना रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्यावाचून माधवराव-रमाबाई दिसतात? ‘विक्रम और बेताल’ ही रामानंद सागर यांची मालिका १९८५ साली आली. त्याआधी कित्येक वर्षे ‘चांदोबा’तून विक्रम-वेताळाच्या गोष्टी आपण वाचीत होतो; खांद्यावर प्रेत टाकून निघालेल्या राजाचे शंकर यांनी काढलेले चित्र घराघरांत ठाऊक होते. पण मालिकेनंतर हाती आलेल्या ‘चांदोबा’च्या अंकातला वेताळ अभिनेता सज्जन यांच्या आवाजात बोलू लागला. माझ्या वर्गातील मुले तर तो अंक मालिकेवरूनच निघाला आहे, असे समजत आणि मी दुरुस्ती केली की माझ्याकडे अविश्वासाने पाहत. त्यांच्या दृष्टीने ती चूक नव्हती. ज्या क्रमाने वस्तू आयुष्यात येते, तोच तिचा इतिहास, असे मुले मानतात.

चित्रकथांच्या बाबतीत तर हा संबंध अधिकच गमतीचा आहे. अनंत पै यांना ‘अमर चित्रकथा’ काढण्याची बुद्धी झाली ती दूरचित्रवाणीमुळेच. १९६७ साली दिल्लीत त्यांनी संचावर एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक देवदेवतांविषयी धडाधड उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता येईना, ही हकिकत पै यांनीच पुढे अनेकदा सांगितली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांच्या हातांनी त्या मालिकेला रूप आले. १९८५ पासून महाभारताचे बेचाळीस भाग निघाले. ते निघत असतानाच २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ पडद्यावर आले. त्या काळात मुलांच्या हाती कदम यांचा भीम असे आणि रविवारी सकाळी पडद्यावर दुसराच भीम असे. दोघांपैकी खरा कोण, यावर मधल्या सुटीत झालेले वाद मी ऐकले आहेत. ज्याच्या घरी संच होता तो पडद्याच्या बाजूने बोले. ज्याच्या घरी नव्हता, तो चित्रकथेच्या. गरिबाची बाजू नेहमीच अधिक अभ्यासपूर्ण असे, कारण त्याने ती दहा वेळा वाचलेली असे. अखेर सरशी पडद्याची झाली. नव्वदीच्या दशकात चित्रकथांना ओहोटी लागली; इंद्रजाल कॉमिक्स तर १९९० सालीच बंद पडले.

आता काळ असा आला आहे की, कोणतीही मालिका कोणत्याही क्षणी पाहता येते. मार्च २०२० मध्ये सारा देश घरात कोंडला गेला, तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. १९८७ साली रविवार सकाळचे रस्ते ओस पाडणारी ती मालिका मीही पुन्हा पाहिली. बाण हवेत हळूहळू येत, एकमेकांवर आपटत आणि विझत. पूर्वी हेच पाहताना अंगावर काटा आला होता. या वेळी काटा आला नाही, थोडे वाईट मात्र वाटले. ध्वनिचित्रफितीचे हे असे असते. ती जशीच्या तशी राहते आणि आपण बदललेले असतो. जुनी चित्रकथा अशी दगा देत नाही, कारण तिने मुळात फारसे काही दाखविलेलेच नसते. जे दिसले ते आपण पाहिले होते, आणि ती दृष्टी पान उघडताच थोडीफार परत येते.

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे स्मरणरंजन झाले. साहित्याच्या दृष्टीने या पुस्तकांत काय आहे? फारसे काही नाही, हे मी मान्य करतो. शेकडा नव्वद पुस्तके वाईट लिहिलेली आहेत, छपाई त्याहून वाईट आहे आणि काहींत तर पात्रांची नावेही दोन पानांवर दोन तऱ्हेने छापलेली आढळतात. ती पाठ्यक्रमात लावावीत किंवा त्यांना पुरस्कार द्यावेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु ग्रंथालय हे पारितोषिक-समितीचे कार्यालय नव्हे. लोक काय वाचीत होते, याची नोंद ठेवणे हेही त्याचे काम आहे. ज्यांना आपण गाळतो, त्यांतच पुष्कळदा एका पिढीच्या वाचनाची पहिली पायरी असते. जिल्हा ग्रंथालयांनी, शाळांनी आणि भिलारसारख्या गावाने एखादे कपाट जरी या जातीसाठी राखले, मालिकांची पुस्तके, चित्रकथा, चित्रपटांच्या चोपड्या, नटांची चित्रे असलेल्या वह्यादेखील, तर खर्च फारसा नाही. रद्दीवाल्याकडून येणाऱ्या मालाला किंमत ती कितीशी? हे आज केले नाही, तर आणखी वीस वर्षांनी ‘शक्तिमान’ पाहिलेल्या मुलांनी नेमके काय वाचले, हे सांगणारा कागदही उरणार नाही. त्या मालिकेची फीत तेवढी उरेल.

त्या मुलाचे वार्षिक अजून माझ्याजवळ आहे. वर्षअखेर परत द्यावयाचे असा नियम होता. परंतु परीक्षेच्या सुमारास त्याच्या घरच्या मंडळींनी त्याला अचानक दुसरीकडे नेले आणि पुस्तक माझ्या कपाटातच राहिले. पुढे पत्ता शोधण्याचा विचार मनात आला तो प्रत्येक वेळी उद्यावर गेला. पुढे मी निवृत्त झालो, घर बदलले, पुस्तके दोनदा वाटून टाकली. हे तेवढे कोणाला दिले नाही. पाचगणीच्या पावसाचा करडा डाग त्याच्या पाठकोऱ्या पानावर आहे.

परवा नातीने तिच्या फोनवर त्या मालिकेचा एक जुना भाग मला दाखविला. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, दार लावले की हलत होत्या. लोखंडी कवचातले प्राणी चाकांवर सरकत होते आणि जिना चढणे त्यांना जमेल, असे दिसत नव्हते. त्या रात्री अंधारात दालनाबाहेर उभा राहून मी जे प्राणी ऐकले होते, ते जिने चढत होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. नातीला मी ते वार्षिक काढून दाखविले. त्यात मालिकेतील पात्रांविषयी एक शब्दकोडे आहे. मुलाने पेन्सिलीने ते पुरे भरले आहे. तिने फोनवर शोधून उत्तरे ताडून पाहिली. दोन चुकली होती; बाकीची सर्व बरोबर होती.